हो, झोपलो!

प्रिय झोपाळ्या,

हे पत्र घेऊन आलेला माणूस आमच्या ऑफिसचा, मोबाइलच्या टॉवरवर चढणारा. आम्ही त्याला खारूताई म्हणतो. तू म्हणू नकोस, चिडतो.

तुझा नंबर लावून लावून माझी बोटं दुखली. आधी वाटलं, धरणाच्या दारांवर कामात असशील. मग तुमच्या पंपवाल्याला लावला, तोही लागेना. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, डोंगरापलीकडून कुणाचाच फोन येत नाहीये. आणि माझ्या स्क्रीनवर तुमचा टॉवर मात्र हिरवागार! आमची यंत्रणा दर थोड्या वेळाने प्रत्येक टॉवरच्या रेडिओला, म्हणजे कॉल पकडणाऱ्या यंत्राला, आपणहून विचारते, जागा आहेस ना? तुमचा रेडिओ हो म्हणतो, यंत्रणा हिरवी खूण करून पुढे जाते. कॉल एकही जात-येत नाही. अशा टॉवरला आम्ही झोपलेला सेल म्हणतो. हा नेमका तुझ्या उलट. लहानपणी आई विचारायची, झोपलास का रे? आणि तू डोळे गच्च मिटून ठणकावून सांगायचास, हो, झोपलो! मग ती तुझ्या तळपायाला गुदगुल्या करायची आणि तू अंथरुणातून उडायचास. मला अजून हसू येतं. आज रडूच येतंय.

साहेबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. त्यांचं एकच पालुपद, तपासणीत बिघाड दिसत नाही, कुणाची तक्रार नाही, मग गाडी कशी पाठवू? अहो, पण तक्रार करायला फोन लागायला हवा ना! ऐकतील तर ते साहेब कसले. शेवटी मी माझ्या टेबलावरूनच तुमचा रेडिओ बंद केला. स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजला आणि इतके दिवस न हललेली गाडी निघाली. बंद कुणी केला ते उद्या कळेलच. नोकरी गेली तर जाऊ दे.

आईचं लिहायला हात धजत नव्हता. ती स्वयंपाकघरात पडली, डोक्यात रक्त साकळलंय. दवाखान्यात आहे. उशाशी मशीन आहे, त्याचेही दिवे हिरवेच. डॉक्टर म्हणतात, आकडे ठीक आहेत, पण फार वेळ नाही. ती हाकेला ओ देत नाही रे. मी तिच्या तळपायाला गुदगुल्या केल्या, रडत रडत केल्या. पाय हलला नाही. मग कानाशी तोंड नेऊन सांगितलं, तुझा झोपाळ्या आलाय. अंगठा हलला! माझ्या डोळ्यांनी पाहिलं. टॉवर सुरू झाला की तू आधी फोन करशील. करू नकोस. कपडे भरत बसू नकोस, आहेस तसा याच गाडीत बस. मी तिला सांगून बसलेय की तू आलायस.

तुझीच,
ताई