डाव्या खांद्यावरचं फूल

माघ वद्य पंचमी, रविवार, संध्याकाळ

देवाच्या डाव्या खांद्यावरचं फूल पडलं आणि माझं सगळं बदललं.

सकाळी शेजारच्यांबरोबर डोंगर चढलो. वरून तळं परातीएवढं दिसत होतं; मी मात्र त्यांच्या यमूकडेच पाहत होतो. देवळात गुरवाने कौल लावला. उजवं फूल पडलं तर होकार, डावं तर नकार. मी मनात विचारलं, यमू माझी होईल का? डावं पडलं! तडक उतरू लागलो. तळ्यापाशी यमूने धापा टाकत गाठलं.

"अहो रागोबा, कौल माझा होता! पालीच्या स्थळाला हो म्हणू का, असं विचारलं होतं मी."

आणि ते फूल माझ्या हातावर ठेवलं. कोमेजलंय आता. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्याला तिचे अण्णा मुलगी देतील? हाकलतील बहुतेक. हाकलू देत. पालीला होकार जायच्या आत विचारायलाच हवं.

फूल खिशात घातलं. दार ओढून घेतो, निघालोच.