बटणांच्या डब्यातली दाढ

प्रिय खारुताई,

तुझं पाकीट मिळालं. आत कापसात गुंडाळलेली दुधाची दाढ आणि सोबत तुझा हुकूम: ही काप, माझी उंची कधी वाढेल ते सांग, तोवर मी कुणाच्याही फोटोत उभी राहणार नाही. वर्गाच्या फोटोच्या दिवशी तू पोट दुखतंय म्हणून घरी राहिलीस, हे तुझ्या आईनं कळवलं होतंच. चौदाव्या वर्षी एवढा हट्ट म्हणजे तू आमच्याच घरातली, यात शंका नाही.

दात कापणं माझं रोजचंच काम, पण घरची दाढ करवतीखाली धरताना हात जरा अडखळला. एकदा कापली की कापली. केसाइतका पातळ काप काढला, घासून लख्ख केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. हे तू एकदा बघायला हवंस. दात तयार होताना त्यात रोज एक बारीक रेघ उमटते आणि काही दिवसांनी एक ठळक. कुणाची ठळक रेघ पाच-सहा दिवसांनी, कुणाची आठ-नऊ. ज्याचा त्याचा ठेका ठरलेला. वयात येताना कुणाचं अंग भराभर वाढतं, कुणाचं रमतगमत, त्याच्याशी या ठेक्याचं काहीतरी नातं असावं, असं आमच्या प्रयोगशाळेतली मंडळी बऱ्याच मुलांचे दात तपासून म्हणतात. पण एका मुलीची एक दाढ बघून तिची उंची सांगायला मी काही ज्योतिषी नाही. मला ते येत असतं तर मी इथे करवत चालवत बसले असते का?

तरी तुझ्यासाठी रेघा बघत बसले, तर मध्येच एक काळपट पट्टा. तान्हं बाळ फार आजारी पडलं की त्याची खूण अशी दातात राहून जाते. आता तू तान्हेपणी साधी शिंकलीही नाहीस, उलट आम्हा सगळ्यांना जागवून आजारी पाडलंस. चहा गार होईस्तोवर मी डोकं खाजवत होते आणि मग एकटीच हसत सुटले. तू ही दाढ आजीच्या बटणांच्या डब्यातून उचललीस ना? त्या डब्यात तुझ्या बाबाचीही होती. तो सात महिन्यांचा असताना न्यूमोनियानं पार हातचा जायची वेळ आली होती. मी त्याची नऊ वर्षांची ताई, दवाखान्याच्या बाकावर त्याचं झबलं पोटाशी धरून बसायचे. म्हणजे मी कापलेली दाढ तुझी नाहीच, त्याची आहे.

आणि त्याचीच निघाली ते बरं झालं. आज दारातून वाकून जाणारा तुझा बाबा पंधराव्या वर्षी वर्गात सगळ्यात बुटका होता. तो हे मरेपर्यंत कबूल करणार नाही. बाहेरच्या खोलीतल्या त्या फोटोत, मला पदवी मिळाली तेव्हाच्या, तो माझ्या बरोबरीचा दिसतो. फोटो गुडघ्यांपाशीच का संपतो, हे कधी विचारलंस? खाली पालथी बादली आहे. पुढच्या वर्षी मात्र गडी असा सुटला की त्याच्या पँटी उसवून उसवून तुझी आजी टेकीला आली. तुझंही असंच होईल असं वचन मी देत नाही. कदाचित तू तुझ्या आईसारखी बेताचीच राहशील. डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हटलंय ना, मग घाई कुणाला आहे? तुझी खरी दाढ डब्यातच राहू दे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुमच्याकडे फोन बाबा उचलतो आणि पुढची बातमी मला आधी तुला द्यायची आहे. मी लग्न करतेय. एक्कावन्नाव्या वर्षी. आमच्याकडची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस आहे. माझ्या खांद्याला लागतो आणि वरच्या फळीवरचं काही हवं असलं की खुशाल मला हाक मारतो. मला तो फार आवडतो. सह्या झाल्या की एकच फोटो काढायचा आहे आणि त्यात माझ्या शेजारी मला तू हवी आहेस, आज आहेस तेवढीच. तू नसलीस तर फोटोच नाही. हट्ट माझ्याकडेही आहे. बादली मी आणणार आहे. तुला नको असली तर नवरदेव चढेल.

तुझीच, लग्नाला उशीर झालेली पण लेटलतीफ म्हटलेलं न खपणारी,
आत्या