एका माणसाला एकच चौकट

माय, आज मी साहेबाच्या तोंडी लागले. "साहेबाच्या तोंडी नोको लागू, पोरी," हे तू जन्मभर बजावलंस, आणि तुला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर मी भर मीटिंगमध्ये म्हटलं, हा आराखडा चुकीचा आहे, मी असा करून देणार नाही. सोमवारपर्यंत ऐकलं नाही तर प्रकल्पातून काढतील म्हणे. काढू देत. मला अजिबात पश्चात्ताप नाही.

माझं काम काय, ते तुला सांगायचं राहूनच गेलं. दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम करायचा, पण आम्ही तो हाताने लिहीत नाही. आधी आराखडा काढतो, त्यातून प्रोग्रॅम आपोआप तयार होतो. त्या आराखड्यात कोणत्या चौकटी चालतील हे ठरवणारा आणखी एक आराखडा वर असतो, त्याला मेटामॉडेल म्हणतात. घोडं पेंड खातं ते तिथे. आमच्या मेटामॉडेलचा नियम असा, की एका माणसाला एकच चौकट, आणि पहिल्या नोंदीला जी मिळाली ती कायमची. डॉक्टर तो डॉक्टर, पेशंट तो पेशंट. मग नर्सच आजारी पडून भरती झाली तर? तर तिच्याच नावाची दुसरी बाई तयार होते. औषधाची ॲलर्जी एकीच्या नोंदीत, इंजेक्शन दुसरीला. मी हे मांडलं तेव्हा साहेब हसले. म्हणाले, "मॅडम, तत्त्वज्ञान नको, सोमवार जवळ आलाय."

तत्त्वज्ञान! मला हिंगणघाटचा तो वॉर्ड आठवला, जिथे तू आयाचं काम करायचीस आणि सगळे तुला मावशी म्हणायचे. तू टायफॉइडने त्याच वॉर्डात भरती आहेस. मी डबा घेऊन येते तर खाट रिकामी. तू एका हाताने सलाईनची बाटली उंच धरलीयेस आणि दुसऱ्या हाताने फरशी पुसतेयस, कारण पलीकडच्या म्हातारीची पेज सांडली आणि तिने सवयीने "मावशी" म्हणून हाक मारली. मी केवढ्याने ओरडले, तू पेशंट आहेस ना म्हणून. तू बाटली माझ्या हातात दिलीस, फरशी पुसून पुरी केलीस आणि वर मलाच झापलंस. "काऊन बोंबलून राह्यली? पेशंट झाली म्हणून मी मावशी नाई राह्यली का? अन् मंग तुही माय कोन व्हय?"

माय, माझ्या विषयाचा पायाच तो. काय आहे, आणि ते कोणत्या प्रकारे आहे, याच्या विचाराला ऑन्टॉलॉजी म्हणतात. माणूस असणं जिवंतपणी सुटत नाही. पेशंट असणं डिस्चार्जच्या कागदाबरोबर सुटतं, आया असणं नोकरीबरोबर. त्या भूमिका. एकावर एक अंगावर घेता येतात, उतरवताही येतात. भूमिका माणसाच्या जन्मालाच चिकटवायची खोड आपल्याकडे फार जुनी. आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि ती खोड फेकून दिली, ती आता मी कॉम्प्युटरमध्ये पुन्हा भरू? जमणार नाही. दुपारी सावंगीच्या या माझ्या भाड्याच्या खोलीत बसून मी नियमच बदलून पाठवला. माणसाची चौकट वेगळी, भूमिकांच्या वेगळ्या. उत्तर अजून आलेलं नाही. नाही पटलं तर नारळ देतील, घेईन.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहिते. साहेबासमोर मी छातीठोकपणे बोलले, पण इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा फॉर्म मीच भरला होता. आईचा व्यवसाय विचारला होता. मैत्रीण शेजारी बसली होती, मी पटकन "गृहिणी" लिहिलं. तू वॉर्डातली पाळी संपवून नुकतीच आली होतीस, पालक म्हणून सही करायला फॉर्म तुझ्या हातात दिला. तुला वाचता येत होतं, माय. तू वरपासून खालपर्यंत वाचलंस आणि सही केलीस.