लग्न, प्रवेश मोफत

१२ नोव्हेंबर
गुगलवर आमचं लग्नाचं लॉन दिसतच नाही. शेजारचं लॉन पहिल्या पानावर, आमचं आठव्यावर, भंगारवाल्यांच्याही खाली. अख्ख्या हंगामात तीनच लग्नांचं बुकिंग. बाबा म्हणतात, यंदा असंच गेलं तर जागा गोदामाला देऊन टाकतो. मग मी काय करू, पोती मोजू?

१४ नोव्हेंबर
सापडलं! वेबसाइटच्या आतून लेबलं लावायची – हे नाव, ही तारीख, हा पत्ता. माणसांना दिसत नाहीत, गुगल वाचतं. बाबा – "लोकायले दिसत नाही तं काहून लावून राहिली वं?" तासभर समजावलं. "म्हणजे गुगललेबी पत्रिका द्या लागते." अगदी तेच.

१५ नोव्हेंबर
तिन्ही लग्नांना 'कार्यक्रम' असं लेबल लावलं. तिकिटाचा रकाना रिकामा, म्हणून पिवळा इशारा येत होता. लग्नाला कसलं तिकीट? शून्य टाकलं. जागा शिल्लक? हो. इशारा गेला. मी हुशारच आहे.

२१ नोव्हेंबर
'नागपुरातले कार्यक्रम' शोधलं की सगळ्यात वर आम्ही! बाबांनी शेजारच्या लॉनवाल्याला फोटो पाठवला, खाली हात जोडलेला इमोजी.

२२ नोव्हेंबर
पारशिवनीच्या शालिकरामभाऊंच्या मुलीचं, पिंकीचं लग्न. बागेतला हास्य क्लब सहकुटुंब जेवायला हजर. मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचे, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे. दोन्हीकडून आग्रह करकरून वाढलं. नवरदेवाचे मामा जेवायला बसले तेव्हा जिलेबी संपलेली. मामा रुसून गाडीत जाऊन बसले. शालिकरामभाऊ हात जोडून गाडीभोवती फिरत होते, मला बघवेना.
क्लबच्या अध्यक्षांनी मोबाइल दाखवला. "प्रवेश मोफत लिहून आहे. आम्ही काय चोरून आलो?"
घरी आल्यावर बाबा म्हणाले, "आता लोकायले तोंड कसं दाखवू मी?"

२३ नोव्हेंबर
लेबलं काढली. उरलेली दोन्ही लग्नं दुसरीकडे गेली.

२४ नोव्हेंबर
गोदामवाला जागा बघून गेला. उद्या फोन करतो म्हणाला.

२५ नोव्हेंबर
दुपारी एक जोडपं आलं, संघपाल आणि नूपुर. लग्नासाठी लॉन हवं होतं. मी विचारलं, माणसं किती?
नूपुर म्हणाली, "आमच्या दोघायच्याबी घरून कोणी येणार नाही, ताई. तुमच्याकडच्या त्या लग्नाचं ऐकलं. तसंच 'प्रवेश मोफत' आमच्या लग्नाले लावून देता का?"
बाबांचा फोन वाजत होता. गोदामवाल्याचा. त्यांनी उचलला नाही.