भाकरीचा घास

पेडणे, सोमवार

ती. आई यांस उषाचा वाकून नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. तुमचे गुडघे आता कसे आहेत?

काल आमच्या लग्नाचा वाढदिवस म्हणून तुमची नात दीपा आम्हाला पार्से गावच्या शेतातल्या एका मोठ्या हॉटेलात घेऊन गेली. काजूच्या झाडांखाली टेबलं मांडली होती. घशाच्या ऑपरेशननंतर हे पहिल्यांदाच चारचौघांत जेवायला बसले. मी पेज मागवणार होते, पण ह्यांनी नाचणीची भाकरीच हवी म्हणून खूण केली. पहिल्याच घासाला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. तरी अर्धी भाकरी संपवली. तोवर दीपाने आणि मी ताटाला हात लावला नाही.

वाढणाऱ्या बाईने विचारलं, "भाकरी बरी आसा मू?"

नेहमीसारखी मीच उत्तर देणार होते, तेवढ्यात हे म्हणाले, "आमची आई करते तशी आहे."

आई, ह्यांना तुमच्याशी बोलायचा धीर होत नव्हता, म्हणून फोन मीच घेत होते. येत्या रविवारी ते स्वतः फोन करणार आहेत. आवाज ओळखीचा वाटणार नाही. कोण बोलतंय म्हणून विचारू नका. त्यांना नावाने हाक मारा.

तुमची सून,
उषा