खिळा क्रमांक ११७ रिकामा ठेवण्याबाबत

प्रति,
मा. जतन अधिकारी,
ऐतिहासिक परिसर व वारसास्थळे विभाग,
जिल्हा कार्यालय.

विषय: जुन्या कोळसा खाणीच्या लॅम्परूममधील फळ्यावर खिळा क्र. ११७ ला लावलेला बिल्ला तातडीने काढण्याबाबत.

संदर्भ: माझे याच विषयावरचे तीन अर्ज (पोच मिळालेली नाही, का मिळाली नाही, याचा मला अंदाज आहे).

महोदय,

१. खाण बंद होईपर्यंत एकतीस वर्षे मी लॅम्परूममध्ये, म्हणजे कामगारांना दिवे देण्याच्या खोलीत, कारकून होतो. आपण हा परिसर वारसास्थळ जाहीर केलात, लोखंडी मनोऱ्याला रंग दिलात, कामगारांच्या चाळींवर पाट्या ठोकल्यात, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पाण्याच्या टाकीवर साल चुकीचे घातले आहे, तेही सोडून देतो.

२. खाणीत उतरणारा माणूस फळ्यावरून आपला बिल्ला घेऊन जाई व वर आला की परत अडकवी. खिळा रिकामा म्हणजे माणूस खाली. ११७ माझ्या थोरल्या भावाचा. पूर्वेचा बोगदा खचला त्या दिवशी तो बिल्ला घेऊन उतरला आणि परत आला नाही. कंपनीने लिहून दिले, की तो उतरलाच नव्हता, गाव सोडून पळाला. त्याविरुद्ध वहिनींकडे पुरावा एकच, तो रिकामा खिळा. खाण बंद होईपर्यंत मी त्यावर कोणाला साधी पिशवी अडकवू दिली नाही.

३. उद्घाटनाला गेलो, तर फळा गच्च भरलेला! आपला मार्गदर्शक म्हणतो, "काका, एकच जागा मोकळी होती, फोटोत बरं दिसत नव्हतं, म्हणून नवीन करून लावला." माझा यावर काडीचा विश्वास नाही. उद्घाटनाच्या त्याच फोटोत अपघाताच्या वेळच्या मॅनेजरसाहेबांचा पुतण्या आपल्याला खेटून उभा आहे. तो खिळा कोणाच्या डोळ्यांत खुपत होता, हे मला बोलायला लावू नये.

४. मी घरून चुंबक घेऊन गेलो. आमचे बिल्ले पितळेचे, त्यांना चुंबक लागत नाही. ११७ ला टकदिशी चिकटला. दुसऱ्याच दिवशी फळ्यासमोर दोरी आली. दोरी पर्यटकांसाठी आहे म्हणे. त्या दिवशी पर्यटक मी एकटाच होतो. तिकीटवाल्या बाई हल्ली मला पाहिले की फोन उचलतात, याचीही नोंद घ्यावी.

५. वहिनींपासून मी हे लपवले होते, पण आपण फोटो वर्तमानपत्रात दिलात. त्यांनी चष्मा लावून खिळे मोजले आणि विचारले, "भावजी, म्हणजे हे वर आले होते?" साहेब, या बाईने बेचाळीस वर्षे पळपुट्याची बायको म्हणून टोमणे ऐकले आणि एका खिळ्याच्या भरवशावर मान ताठ ठेवली.

तरी बिल्ला काढावा, खिळा रिकामा ठेवावा आणि तो का रिकामा आहे, हे खाली लिहावे. दोरी राहिली तरी चालेल.

आपला नम्र, पण रोज येऊन पाहणारा,
निवृत्त लॅम्परूम कारकून
दि. १४

सोबत:
(१) चुंबक (परत मिळावा, घरी लागतो).
(२) त्या दिवसाच्या हजेरीपानाची नक्कल (११७ पुढची नोंद कंपनीने खोडलेली आहे). मूळ पान कोणाच्याही हाती देणार नाही.
(३) वहिनींची सही जोडता आली नाही. कागद पुढे केला तर म्हणाल्या, "बिल्ला वर आहे ना भावजी, मग सही तेच येऊन करतील."