ओंकार आणि होकार

अण्णा नगर, चेन्नई
१७ मे

तीर्थस्वरूप कल्पनाआत्यास,

संकेतचा शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (उजवा विचारतोय. डाव्याबद्दल सिद्धार्थने फोनवर सविस्तर सांगितलं. लग्न त्याचं आणि काळजी तुझ्या गुडघ्याची, असा मुलगा मिळायला नशीब लागतं.) आंब्यांची पेटी पोचली. वरचा थर आम्ही खाल्ला, खालचा पिकल्याचं आमच्या आधी मुंग्यांना कळलं. आम्ही तिघं मजेत आहोत. यातला 'तिघं' हा शब्द जपून वाच, कारण पत्र त्याबद्दलच आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच काहीतरी विचारतेस आणि मग मी भलत्याच गोष्टीची माफी मागून फोन ठेवतो.

तर सुगंधीची मुलगी याळिनी गेल्या महिन्यात जाफन्याहून आली. विमानाचा प्रवास सव्वा तासाचा, कागदांचा चौदा महिन्यांचा. सुगंधी सहा वर्षांपूर्वी इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला आली तेव्हा पोर पाच वर्षांची होती, ती आजीजवळ राहिली. तिचा बाप कॅनडात दुसरा संसार मांडून बसलेला, त्याचं संमतीपत्र यायलाच आठ महिने गेले. मग अर्ज. त्यात अर्जदाराशी नातं या रकान्यात मी 'वडील' लिहिलं. खिडकीतल्या साहेबांनी अगदी नम्रपणे विचारलं की मग पासपोर्टावर दुसऱ्याचं नाव का आहे. मी म्हटलं, ते कॅनडात असतात, मी अण्णा नगरात असतो. त्यांनी तितक्याच नम्रपणे मला कोरा अर्ज दिला. त्यावर 'सावत्र' लिहिताना हात जड झाला, आत्या. आपल्या गोष्टींमध्ये सावत्र माणूस शिरला की पोराला उपाशी ठेवल्याशिवाय राहत नाही. (मीही ठेवलंच. ते पुढे येईल.)

आता मुख्य मुद्दा. वर्षभर दर रविवारी मी याळिनीशी व्हिडिओ कॉलवर बोलायचो. माझं तमिळ तुला माहीत नाही ते बरं आहे. नऊ वर्षं अंबत्तूरच्या कारखान्यात गिअरबॉक्सचे भाग तपासल्यामुळे मला 'घट्ट कर', 'सैल कर' आणि 'चहा सांग' एवढं उत्तम येतं. त्यामुळे मी विचारणार, "साप्पिट्टिया?" म्हणजे जेवलीस का. ती डोळे खाली घालून म्हणायची, "ओम्." शाळेत गेलीस? "ओम्." आजी बरी आहे? "ओम्." इतक्या लहान वयात प्रत्येक उत्तराआधी देवाचं नाव घेणारी आणि मग मौन पाळणारी मुलगी मी पाहिली नव्हती. मी थक्क झालो, आणि थक्क झालो की मी तुला फोन करतो.

तुला आठवतंय ना, लग्नाच्या वेळी तू काय म्हणाली होतीस? बाई चांगली आहे, पण वाढलेली परकी पोर कशाला ओढवून घेतोस. तीच तू हा ओंकार ऐकून विरघळलीस. आठवड्यात तुझ्याकडून पितळी घंटा आली, जपमाळ आली, तुझ्या हस्ताक्षरातली स्तोत्रांची वही आली. भजनी मंडळातल्या बायकांना तू सांगितलंस, त्यांनी देवगडभर सांगितलं. मी इकडे हॉलच्या कोपऱ्यात देवघर मांडलं, आणि (हे तुला मुद्दाम कळवलं नव्हतं) मासे सोडले. आपल्या घरात जन्मलेल्या माणसाने तीन महिने मासे सोडले. अशा मुलीसमोर बांगडा तळायचा कसा, हा माझा प्रश्न. सुगंधीला वाटलं, मुलीच्या व्हिसासाठी मी नवस बोललोय. नवस उघड विचारायचा नसतो म्हणून तिने विचारलं नाही, उलट स्वतःही सोडले. आम्ही दोघं एकमेकांच्या श्रद्धेचा मान राखत पडवळाची भाजी खात राहिलो.

मुलगी आली. विमानतळावर मी कपाळाला गंध लावून उभा. घरी कांदा-लसूण नसलेलं जेवण, तेही केळीच्या पानावर. संध्याकाळी विचारलं, उद्या पहाटे देवळात जाऊ या का? "ओम्." मग काय, रोज सहा वाजता मी आणि ती देवळात. बिचारी डोळे चोळत यायची, मला वाटायचं ध्यान लागतंय. सात दिवसांत ती बारीक दिसायला लागली. आजीची आठवण येत असेल म्हणून मी अजून थोडं पडवळ वाढलं.

आठव्या दिवशी, रविवारी, देवळातून परतताना कोपऱ्यावर मासेवाली बसली होती. टोपलीत खेकडे, आपल्या कुर्ल्या असतात तसे, काळे आणि रागीट. याळिनी थबकली. मासेवालीने विचारलं, "वेणुमा, पाप्पा?" हवेत का, बाळा. आणि याळिनी टोपलीवरची नजर न हलवता म्हणाली, "ओम्. ओम्. ओम्." माझे डोळे भरून आले गं. मी हात जोडले आणि मासेवालीला माझ्या तमिळमध्ये समजावलं की मुलगी या जिवांना सद्गती मिळावी म्हणून मंत्र म्हणतेय, जरा थांबा. बाई आधी माझ्या कपाळाकडे बघत राहिली, मग इतकी हसली की तराजू हलला. म्हणाली, "सार, अदु मंत्रम् इल्ल. अवंग ऊर्ल 'ओम्'ना 'आमा'." तो मंत्र नाही, साहेब. त्यांच्या गावाकडे ओम् म्हणजे हो.

हो. एवढंच. जेवलीस का, हो. आजी बरी आहे का, हो. वर्षभर मी ज्याला ओंकार समजत होतो तो होकार होता. घरी येऊन सुगंधीला विचारलं तर ती जमिनीवर बसून हसली. इथे आली तेव्हा तिच्या ओम्‌ला भाजीवालेसुद्धा हसायचे म्हणून ती हो म्हणायला इथल्यासारखं 'आमा' म्हणायला शिकली. (मुलीशी ती अजूनही ओम्‌च म्हणते, पण आईलेकींच्या बोलण्यात मी कान घालत नाही. यापुढे घालीन.) त्या दुपारी आम्ही अकरा खेकडे खाल्ले. सुगंधीने रस्सा केला तो शेवग्याचा पाला घालून, तिकडच्या पद्धतीचा. नांग्या फोडण्याचे आवाज तेवढे येत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

तेव्हा आत्या, मंडळाला तूच काय ते सांग. मुलगी चारचौघींइतकीच भाविक आहे, म्हणजे परीक्षेच्या आधी. घंटा तिला आवडते, जपमाळेच्या मण्यांवर ती शेजारच्या छोट्या अनन्याला हिशेब शिकवते. तू तिला मनात जागा दिलीस ती त्या ओंकारामुळे, हे मला माहीत आहे. म्हणून खोटं चालू ठेवणं बरं वाटेना. सुगंधीचा नमस्कार. याळिनीचाही, हा मात्र मी विचारून लिहितोय.

तुझा,
संकेत

ता. क. कुर्ल्यांच्या वाटणात तू तिरफळं कधी टाकतेस ते लिही. तिरफळंही पाठव. इथे मिळत नाहीत.

ता. क. २. खरं काम हे. सिद्धार्थच्या लग्नाची पत्रिका पुढच्या आठवड्यात छापायला जाईल. तिच्या तळाशी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणून पोरांची नावं असतात ना, त्यात याळिनीचं घालशील का? आडनाव नको, नुसतं नाव. अडचण अशी की जाफन्याच्या आजीशी ठरलंय, जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत मुलगी रमली नाही तर परत पाठवायची. राहशील का, असं मी तिला विचारलेलं नाही. ती ओम् म्हणेल. पहाटे सहाच्या देवळालाही ती ओम्‌च म्हणाली होती. नुसत्या सभ्यपणातला होकार घेऊन मी काय करू? ती परत गेली तर मला फार जड जाईल, हे सुगंधीलाही बोललो नाही, तुला लिहितोय. म्हणून नाव घाल म्हणावं की नाही ते ठरेना, आणि पत्र दोन दिवस पाकिटात न घालता ठेवलंय.

ता. क. ३. आज सकाळी गंमत म्हणून तिच्या दाराशी जाऊन विचारलं, देवळात जाऊ या का. तिने पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि आतून म्हणाली, "नको." मराठीत. माझ्याकडूनच उचललेला शब्द, पडवळ नाकारताना मी अलीकडे वापरतो तो. सुगंधी ओशाळून तिला रागवायला निघाली, तिला मी दारातच अडवलं. पाहुणी म्हणून आलेली पोर पहिल्यांदा मला नाही म्हणाली, आत्या. मी आज कारखान्यात पेढे वाटले आणि कारण कोणालाच सांगता आलं नाही.

तेव्हा नाव घालच. याळिनी. ळ कमळातला.